कंप्यूटरवरची खोटी धोक्याची घंटा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

इंदूरमधल्या पेढ्या, कारखाने आणि लहान ऑफिसांतून आलेले हे प्रश्न आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : सियागंजातल्या एका घाऊक पेढीत मी हिशेब लिहिते. परवा दुपारी बारदानाचे भाव शोधताना एका साइटवर गेले आणि अख्खा स्क्रीन निळा झाला. जोरात भोंगा वाजायला लागला. एका बाईचा आवाज ‘कंप्यूटर बंद करू नका’ असं सांगत होता. मधोमध मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, त्याखाली १८०० नं सुरू होणारा नंबर. आमच्या गावाचं आणि इंटरनेट कंपनीचं नावसुद्धा होतं. क्रॉस कुठे दिसेना, म्हणून मी भिंतीवरचा स्विचच बंद केला. टॅलीत अर्धं भरलेलं व्हाउचर गेलं. खरंच व्हायरस होता का?

उत्तर : नाही. तुम्ही पाहिलं ते साधं वेबपेज होतं. व्हिडिओ पूर्ण स्क्रीनभर करायची सोय ब्राउझरमध्ये असते. तीच वापरून या पानानं वरची पत्त्याची पट्टी, क्रॉस आणि खालचा टास्कबार झाकून टाकला. भोंगा आणि बाईचा आवाज ही पानात घातलेली ऑडिओ फाइल. गावाचं नाव वाचून माणूस दचकतो, पण आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक) प्रत्येक साइटला दिसतो आणि त्यावरून गाव आणि कंपनी दोन्ही निघतात. मोबाइलच्या नेटवर तेच पान उघडलं असतं तर त्यानं इंदूरऐवजी भोपाळ किंवा मुंबईही दाखवलं असतं. ब्राउझरमधल्या पानाला तुमची हार्ड डिस्क चाळता येत नाही. अशा पानांवर येणारा ‘५ ट्रोजन (म्हणजे लपून शिरणारे घातक प्रोग्राम) सापडले’ हा आकडा पान बनवणाऱ्यानं आधीच लिहून ठेवलेला असतो.

एक खूण पक्की लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ते पान खोटं, मग चिन्ह कितीही हुबेहूब असो.

स्विच बंद केलात त्यात तुमची चूक नाही. फोन लावला नाहीत, यातच सगळं वाचलं. पण टॅली उघडी असताना इतकं टोक गाठायची गरज पडत नाही. आधी की-बोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली एस्केप कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसती टिचकी मारून भागत नाही, कारण काही पानं साधा एस्केप स्वतःकडे ओढून घेतात. दाबून धरलेला एस्केप मात्र ब्राउझर त्यांच्या हाती देत नाही. पूर्ण स्क्रीन सुटला की टॅब बंद करा. तरी सुटला नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबा. या तीन कळा थेट विंडोजकडे जातात, कोणतंही वेबपेज त्या अडवू शकत नाही. त्यातून टास्क मॅनेजर उघडा, यादीत क्रोम किंवा एज जे असेल ते निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. टॅली जशीच्या तशी राहते.

पुढच्या पायरीवर पुष्कळ जण फसतात. ब्राउझर परत उघडला की तो विचारतो, मघाची पानं पुन्हा आणू का? ‘रिस्टोअर’ दाबलंत की भोंगा पुन्हा सुरू. काही कंप्यूटरांवर ‘जिथे सोडलं तिथून पुढे’ हीच सेटिंग असते, तेव्हा न विचारताच ते पान परत येतं. अशा वेळी लॅनची वायर काढा (वायफाय असेल तर बंद करा), ब्राउझर उघडा, तो टॅब काढून टाका आणि मग वायर लावा. शेवटी डाउनलोड्सचं फोल्डर बघा. त्या वेळेची एखादी अनोळखी फाइल उतरलेली असेल तर न उघडता काढून टाका आणि विंडोज सिक्युरिटीमधून एक स्कॅन करून घ्या. काहीच उतरलेलं नसेल तर ‘क्विक स्कॅन’ पुरतो.

प्रश्न : सांवेर रोडवर आमचा छोटा कारखाना आहे. अकाउंट्सच्या मुलानं असाच इशारा पाहून त्यातल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्यानं कंप्यूटरमध्ये ‘शेकडो एरर’ दाखवले, एक अ‍ॅप टाकायला लावलं आणि पाऊण तास स्वतः माउस चालवला. यूपीआयनं ९९९ रुपये घेतले. मुलाचं म्हणणं, एवढ्यावरच सुटलो. हे कालच घडलं. आम्ही आणखी काय बघावं?

उत्तर : ९९९ रुपये ही यातली सगळ्यात लहान गोष्ट आहे. तो पाऊण तास मोठा आहे.

आधी ‘शेकडो एरर’बद्दल, म्हणजे त्या मुलाच्या मनातली भीती जाईल. फोनवरचा माणूस विंडोज आणि आर या कळा दाबायला लावतो आणि ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला सांगतो. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी असते. नव्याकोऱ्या कंप्यूटरवरही ती असतेच, कारण विंडोज स्वतःच्या बारीकसारीक कुरबुरी तिथे नोंदवत राहतं. १००१६ क्रमांकाची नोंद तर असंख्य चांगल्या चालणाऱ्या मशिनांवर दिसते आणि तिच्यानं काहीही बिघडत नाही. दुसरी युक्ती काळ्या खिडकीची, म्हणजे ‘कमांड प्रॉम्प्ट’ची. तिथे नेटस्टॅट ही आज्ञा दिली की ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ असा रकाना येतो. फोनवरचा माणूस म्हणतो, बघा, परदेशातून लोक तुमच्या कंप्यूटरमध्ये शिरलेत. इथे ‘फॉरेन’ म्हणजे फक्त पलीकडचा कंप्यूटर. तुमचा ईमेल आणि उघडलेल्या साइट्स, सगळं त्याच रकान्यात दिसतं. आज तुमच्या धडधाकट मशीनवर हे दोन्ही उघडून सगळ्या स्टाफला एकदा दाखवा. हातानं केलेलं लक्षात राहतं.

आता काम. ते मशीन अजून नेटवर असेल तर आत्ता, हे वाचता वाचता, त्याची लॅन वायर काढा. यूएसबीला डिजिटल सहीचं टोकन लावलेलं असेल तर तेही काढा. आपल्याकडे हे टोकन महिनोन्‌महिने मशीनमध्येच असतं आणि त्याचा पिन मॉनिटरला चिकटवलेला असतो. काल ते लावलेलं होतं असं कळलं तर ज्या संस्थेनं सही दिली तिला सांगून ती रद्द करून नवी घ्या. खर्च होईल, पण त्या सहीनं जीएसटीचा आणि कंपनीचा कागद कुणीही भरू शकतो.

यानंतरचं काहीही त्या मशीनवरून करू नका. दुसरा कंप्यूटर किंवा मोबाइल घ्या. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गुगलवर शोधू नका. बँकेला नेटबँकिंग थांबवायला सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं आहे की ग्राहकानंच पासवर्ड किंवा ओटीपी दिलेला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. कळवण्याआधी गेलेलं मात्र तुमच्या माथी. म्हणून बँकेला फोन किती वाजता केला, हे कागदावर टिपून ठेवा.

लगेच १९३० ला लावा. ही सरकारी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. ९९९ रुपयांसाठी कशाला, असं म्हणू नका. पैसे ज्या खात्यात गेले ते रोखण्याची सूचना इथूनच बँकांकडे जाते आणि त्याच खात्यात आणखी कुणाकुणाचे पैसे पडलेले असतात. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी असू द्या. तो क्रमांक शोधण्यात मिनिटं जातात. मग त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर लेखी तक्रार पूर्ण करा.

पासवर्ड बदलायचे ते क्रमानं. सगळ्यात आधी ऑफिसचा ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. सेटिंगमध्ये जाऊन ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा आणि फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. आलेलं प्रत्येक पत्र गुपचूप तिसऱ्या पत्त्यावर जाईल असा नियम घालून ठेवणं ही जुनी चाल आहे. दोन महिन्यांनी तुमच्या गिऱ्हाइकाला ‘आमचं खातं बदललं, पैसे इथे टाका’ असं पत्र जातं, त्याचं मूळ या नियमात असतं. ईमेलनंतर बँक, मग जीएसटी, आयकर, पीएफ. ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवलेला प्रत्येक पासवर्ड गेला असंच धरून चाला.

मशीनचं शेवटी. जे अ‍ॅप टाकलं ते घाईनं काढू नका. ते एनीडेस्क असेल तर त्याच्या फोल्डरात ‘कनेक्शन ट्रेस’ नावाची फाइल असते. त्यात कोणत्या आयडीवरून, कधी जोडणी झाली ते लिहिलेलं असतं. तिचा आणि कॉलच्या नोंदीचा मोबाइलनं फोटो काढा, पोलिसांना उपयोगी पडतो. मग टॅलीचा डेटा आणि गरजेच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. फक्त डेटा, कुठलाही सेटअप नको. आणि विंडोज नव्यानं टाकून घ्या. नुसतं अ‍ॅप काढून भागेल असं हार्डवेअरवाले सांगतात, पण पाऊण तासात त्यानं दुसरं काय ठेवलं हे खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. जिथून जीएसटी भरला जातो त्या मशीनवर आम्ही तरी हा धोका घेऊ देणार नाही.

प्रश्न : आमचे टॅलीवाले भैयासुद्धा दुरून कंप्यूटर चालवायचं असंच अ‍ॅप वापरून दुरुस्ती करतात. मग स्टाफला ‘असं अ‍ॅप वापरू नका’ म्हणून कसं सांगणार? (छावणीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसातून)

उत्तर : फार मोलाचा प्रश्न. आपल्या ऑफिसांना अशा अ‍ॅपचा आयडी फोनवर वाचून दाखवायची सवय लागलेली आहे आणि ठग याच सवयीवर जगतात. बंदी घालून उपयोग नाही, ती पहिल्याच दिवशी मोडेल. फोन कुणी कुणाला करायचा, एवढा नियम ठरवा. काम निघालं तर आपण भैयांना करायचा, तोही भिंतीवर लिहिलेल्या नंबरवर. त्यांचा फोन आपल्याला आला, ‘सर्व्हरमध्ये गडबड आहे, कोड सांगा’ म्हणाले, तर ‘ठेवा, मी लावते’ म्हणून फोन ठेवायचा आणि स्वतः लावायचा. आवाज ओळखीचा वाटला तरीही.

भैयांनाही दोन गोष्टी सांगा. त्यांनी सोयीसाठी ‘कायमचा पासवर्ड’ घालून ठेवला असेल, म्हणजे तुम्ही ‘अ‍ॅक्सेप्ट’ न दाबताही ते रात्री मशीनमध्ये येऊ शकतात, तर तो काढून टाकायला लावा. बऱ्याच ठिकाणी हा पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच असतो. आणि काम चाललेलं असताना कुणीतरी समोर बसलेलं असावं. स्क्रीन अचानक काळा झाला आणि पलीकडून ‘अपडेट चाललंय’ असं ऐकू आलं तर वायर काढायची. या अ‍ॅपमध्ये समोरच्याचा पडदा काळा करायची सोय आहे आणि फसवणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

आणखी एक प्रकार याच घरातला. तुमचा माणूस प्रिंटर अडला म्हणून गुगलवर कंपनीचा हेल्पलाइन नंबर शोधतो. वरचे एक-दोन निकाल बहुधा जाहिराती असतात आणि पैसे भरून ठगही तिथे नंबर लावतात. इथे भोंगा नाही, निळा स्क्रीन नाही. माणूस आपणहून फोन करतो, म्हणून त्याला संशयच येत नाही. प्रिंटर, यूपीएस, इंटरनेट, टॅली, बँक, सगळ्यांचे खरे नंबर बिलांवरून उतरवून एका कागदावर लिहा आणि तो प्रत्येक टेबलावर काचेखाली ठेवा. आमच्या मते या अंकातला सगळ्यात उपयोगी उपाय हाच आहे. घाबरलेला किंवा अडलेला माणूस फोन करणारच, म्हणून खरा नंबर त्याच्या डोळ्यांसमोर आधीच असला पाहिजे.

प्रश्न : उजव्या खालच्या कोपऱ्यात सारखं ‘अँटिव्हायरस संपला, आजच नूतनीकरण करा’ असं येतं. आम्ही तो अँटिव्हायरस कधी घेतलाच नव्हता.

उत्तर : कुठल्याशा साइटनं ‘रोबोट नसाल तर अलाउ दाबा’ म्हटलं आणि कुणीतरी दाबलं. त्या एका क्लिकनं त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली. व्हायरस नाही, फक्त परवानगी आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. ‘अलाउड’ यादीत अनोळखी नाव असेल ते काढा आणि वर ‘साइट्सना सूचना पाठवू देऊ नका’ हा पर्याय निवडा. एजमध्येही साइट परवानग्यांच्या पानावर हेच मिळतं. ऑफिसात या सूचनांची गरज क्वचितच कुणाला असते, सगळ्या मशिनांवर बंद करून टाका. एका मशीनला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून एका साइटनं विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगितलं. आमच्या रिसेप्शनच्या ताईंनी दाबलं. काहीच झालं नाही. दुर्लक्ष करावं का?

उत्तर : करू नका. आजच्या पत्रांत आम्हाला सगळ्यात काळजी वाटली ती याच पत्राची. काहीच झालं नाही असं दिसणं हाच या सापळ्याचा डाव आहे.

साइटवर टिक केली त्याच क्षणी पानानं तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो तिथे) एक आज्ञा ठेवली. विंडोज-आरनं ‘रन’ची चौकट उघडली, कंट्रोल-व्हीनं ती आज्ञा तिथे चिकटवली आणि एंटरनं ती चालवली. चौकट अरुंद असते, तिच्यात आज्ञेचा थोडासाच भाग दिसतो. ठग ओळ अशी रचतात की डोळ्यांना तिचा साळसूद तुकडाच पडावा, ‘मी रोबोट नाही, पडताळणी क्रमांक अमुक’ असा. खरा भाग नजरेआड असतो. आज्ञा माणसानं स्वतःच्या हातानं दिलेली असल्यामुळे ब्राउझरचे इशारे मध्ये येतच नाहीत. या वाटेनं बहुतेकदा पासवर्ड आणि लॉगिनच्या खुणा चोरणारा प्रोग्राम येतो. तो काही सेकंदांत काम उरकतो.

म्हणून वरच्या कारखान्याला सांगितलं तेच सगळं इथे लागू आहे: वायर काढा, दुसऱ्या मशीनवरून ईमेल आणि बँक, सगळीकडे साइन आउट, मग विंडोज नव्यानं. काय चालवलं ते पाहायचं असेल तर नेट काढलेलं असताना विंडोज-आर दाबून बाणाच्या कळीनं मागची नोंद बघा. ती सहसा तिथेच असते. फोटो काढा. पुन्हा एंटर मात्र दाबू नका.

ताईंना आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगून ठेवा: कुठलीही खरी साइट पडताळणीसाठी ब्राउझरच्या बाहेरची खिडकी उघडायला लावत नाही.

प्रश्न : आमच्याकडे बारा माणसं, आयटीचा माणूस नाही. थोडक्या खर्चात काय करता येईल?

उत्तर : जवळजवळ फुकटात होईल असं पहिलं काम म्हणजे प्रत्येकाचं विंडोज खातं ‘स्टँडर्ड’ करणं. लहान ऑफिसांत दुकानदारानं दिलेलं पहिलं खातं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असतं आणि सगळे त्यावरच काम करतात. वेगळं अ‍ॅडमिन खातं बनवा, त्याचा पासवर्ड मालकाकडे आणि आणखी एका जबाबदार माणसाकडे ठेवा, बाकी खाती स्टँडर्ड करा. आता कुणी अ‍ॅप बसवायला लावलं की पासवर्डची चौकट येते, माणूस थांबतो आणि विचारायला येतो. तो थांबला, इथेच बरंचसं काम झालं. दूरस्थ मदतीची काही अ‍ॅप न बसवताही चालतात, म्हणून यावर एकट्यावर विसंबू नका. आधी एका मशीनवर आठवडाभर चालवून बघा. जुन्या टॅली किंवा बारकोडच्या प्रोग्रामना अ‍ॅडमिनचे हक्क लागतात आणि ते अडतात, तेव्हा त्या विक्रेत्याला बोलवावं लागतं.

दुसरं, बँकेत ‘मेकर-चेकर’ मागा. एकानं भरायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या उपकरणावरून मंजूर करायचं. बँका ही सोय चालू खात्यांना देतात, अर्ज मात्र करावा लागतो. तिसरं, विंडोज १० च्या मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. मशीन पेलत असेल तर ११ वर न्या. या तारखेच्या नावानं ‘तुमचं लायसन्स संपलं’ असे फोनही येतात. लायसन्स संपलेलं नाही आणि असा फोन मायक्रोसॉफ्ट करत नाही. वेगळा अँटिव्हायरस नाही घेतला तरी चालेल. विंडोजमधला डिफेंडर चालू आणि अपडेट असेल तर लहान ऑफिसाला तो पुरतो. तेच पैसे बॅकअपच्या दोन हार्ड डिस्कवर घाला आणि एक नेहमी काढून कपाटात ठेवा.

प्रश्न : आमच्या अकाउंट्सच्या एका मुलीनं आपण अशा फोनला फसल्याचं चार दिवस सांगितलंच नाही. पगारातून कापतील या भीतीनं. शेटजी आता खरंच कापायचं म्हणताहेत.

उत्तर : शेटजींनी हे वाचावं म्हणून लिहितो. कापू नका. चार दिवसांत जे गेलं ते तिच्या क्लिकमुळे गेलं नसून तिच्या गप्प राहण्यामुळे गेलं, आणि ती गप्प राहिली ती पगाराच्या भीतीनं. आता कापलंत तर उरलेले सगळे पुढच्या वेळी आठ दिवस लपवतील. हे फोन करणारी माणसं दिवसभर हेच काम करतात, बोलण्याचा मसुदा समोर ठेवून. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून सीबीआयनं ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ खाली देशभर छापे घातले, त्यात असेच बनावट मदत केंद्रं चालवणारे होते. अशांपुढे अकाउंट्सची मुलगी एकटी पडली, तर दोष तिला एकटं ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. सगळ्यांसमोर सांगा की पहिल्या तासात सांगणाऱ्याचा एक पैसाही कापला जाणार नाही, आणि तो शब्द पाळा.

प्रश्न : पैसे गेल्यावर महिन्याभरानं ‘सायबर सेलमधून बोलतोय, रक्कम सोडवली आहे, ५ टक्के फी भरा’ असा फोन आला. त्याच्याकडे आमची सगळी माहिती होती.

उत्तर : माहिती असणारच, त्याच टोळीनं ती जपून ठेवलेली असते किंवा पुढे विकलेली असते. पोलीस किंवा १९३० रक्कम परत द्यायला फी घेत नाहीत. तुमच्या तक्रारीचा क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः स्थिती बघा, आणि हा नवा नंबर त्याच तक्रारीत जोडा.